चामड्याची वाटी आणि न सापडलेलं गिऱ्हाईक

दाजी, परवा तुमचा तेरावा झाला. गोडाधोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या एसट्या धरून गेले, आणि आता तुमच्यावर चिडायला मी मोकळा झालो. इतके दिवस लोकांपुढं मान खाली घालून बसलो होतो. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "फार भला माणूस हो." मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, भला खराच, पण या भल्या माणसाबरोबर एखादा धंदा करून बघा, म्हणजे कळेल.

अक्का म्हणते, गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये. ती तुमची बायको, तिनं म्हणावं. मी तिचा धाकटा भाऊ, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचा भागीदार. इतकी वर्षं रोज सकाळी चहाबरोबर आपलं भांडण व्हायचं. आता चहा येतो आणि समोर कोणी नसतं. वर्कशॉपातली माणसं मला 'मालक' म्हणायला लागलीत, मी काही बोललो की गप्प ऐकून घेतात. त्यात काही मजा नाही. म्हणून हे लिहायला बसलोय. ऐकायचं की नाही ते नेहमीप्रमाणे तुमच्या मर्जीवर.

माझी साखर कारखान्यातली कारकुनी तुम्ही सोडायला लावलीत, तिथून सुरुवात करतो. दिवाळीला मी तुमच्याकडं नगरला आलो होतो. तुम्ही अंगणात पाटावर बसलेले, अक्का तुमच्या पाठीला तेल लावत होती, आणि तुम्ही मला म्हणालात, "वसंतराव, दुसऱ्याच्या साखरंची पोती मोजून तोंड गोड हुतं व्हय?" मी म्हटलं, होतं की, महिन्याच्या महिन्याला होतं. तुम्ही हसलात. संध्याकाळी मला घरामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेलात, तुमचा जुना लेथ दाखवलात आणि म्हणालात, "हे यंत्र काय बी करील. काय करायचं तेवढं आपल्याला कळाया पायजे." मला वाटलं, वा, काय माणूस आहे! दाजी, मी तेव्हा लहान होतो.

काय करायचं ते तुम्हाला कळायचं, ही खरी माझी तक्रार आहे. कळत नसतं तर मी तुम्हाला सोडून केव्हाच परत गेलो असतो. दर रविवारी तुम्ही करीमभाईंच्या भंगाराच्या दुकानात जाऊन बसायचात. बाकीचे कारखानदार बाजारात काय खपतंय ते बघतात, तुम्ही भंगारात काय येतंय ते बघायचात. गंजलेली, मोडलेली एकेक वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायचात, कुठून तुटली, का तुटली, नवी असताना तुटली की जुनी होऊन. करीमभाई म्हणायचे, "मास्तर, लोग यहाँ बेचने आते हैं, तुम पढ़ने आते हो." तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि ते तुम्हाला मास्तर म्हणायचे.

त्या भंगारातून तुम्ही काय काय उचललंत! कंदिलाच्या टाक्या गळतात म्हणून जाड पत्र्याच्या टाक्या काढल्यात. चांगल्या खपायला लागल्या, तर तुम्ही म्हणालात, आता गावोगाव वीज येणार, कंदिलाचे दिवस संपले, बंद करा. आपण बंद केल्या. वीज आजही अर्ध्या गावांत आलेली नाही, आणि जिथं आलीय तिथं ती असते कुठं? कंदील अजून खपतायत, आपल्याच साच्यातल्या टाक्या घालून, बाजूच्या गल्लीतल्या माणसाच्या नावानं. साचा तुम्हीच त्याला दिलात. मग रॉकेलच्या स्टोव्हचे पंप. ते जोरात चालले असताना तुमच्या डोक्यात कडबाकुट्टी शिरली. ऊस वाढतोय, संकरित गाई येतायत, वैरण बारीक करायला यंत्र लागणार, असं तुम्ही म्हणालात, आणि स्टोव्हचं काम दुसऱ्याच्या हवाली केलंत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आपल्या शेडच्या दारावर लिहून ठेवायला हवी होती. फरक एवढाच की तुम्ही आंधळे नव्हतात. सगळ्यांच्या आधी तुम्हाला दिसायचं. दिसलं की हातचं सोडून तुम्ही पळत्याच्या पाठी लागायचात, आणि तुमच्या पाठीमागं मी.

कडबाकुट्टीवर मात्र आपलं बस्तान बसलं. मला वाटलं, आता माणूस थाऱ्यावर आला. लोखंडाच्या सरकारी कोट्यासाठी मी हेलपाटे घालायचो, तुम्ही पाती घासायचात, श्रीगोंद्यापासून राहुरीपर्यंत आपली कुट्टी गोठ्यागोठ्यांत दिसायला लागली. नव्या औद्योगिक वसाहतीत जागा घ्यायचं आपण बोलायला लागलो होतो. आणि बाहत्तर साली पाऊसच गेला. कडबाच नाही तर कुट्टी कशाची? जनावरं छावणीवर गेली, माणसं खडी फोडायला गेली, आणि आपल्या शेडमध्ये रंगवलेल्या कुट्ट्या ओळीनं उभ्या राहिल्या. एरवी शांत असणारी अक्का त्यांच्याकडं बघून म्हणाली, "हळदीकुंकू तरी लावते, देव्हाऱ्यातल्या देवांनासुद्धा एवढी जागा नाय मिळाली."

असल्या वेळी दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. तुम्ही रविवारी करीमभाईंकडं गेलात, आणि येताना पिशवीत हातपंपाचा मोडका दांडा घेऊन आलात.

सरकारनं गावोगाव बोअर खोदून हातपंप बसवायला सुरुवात केली होती. तुम्ही तो दांडा चहाच्या टेबलावर ठेवलात, कपबश्या बाजूला सारून, आणि म्हणालात, "औंदाच बसवलेला पंप हाय. औंदाच भंगारात. का सांग." मी म्हटलं, वाईट लोखंड. "लोखंड झ्याक हाय. आतली चामड्याची वाटी झिजली. पानी येईना म्हनून लोकांनी दांड्यावर जोर केला, आन् दांडा मोडला. एवढीशी वाटी मिळंना म्हनून अख्खा पंप मेला." मग तुम्ही ती वाटी दाखवलीत. पंपाच्या सळीच्या टोकाला बसणारी, मुठीत मावणारी. खालून पाणी वर ओढते ती हीच. फाटकी, विरलेली, एखाद्या जुन्या वहाणेचा तुकडा असावा तशी.

मी म्हटलं, दुष्काळात पाण्यावर धंदा करायचा? लोक काय म्हणतील? तुम्ही शांतपणे चहा ओतून घेतलात आणि म्हणालात, "डाक्टर आजारावर जगतो. त्याला कोन काय म्हनतं?" या उत्तराचा मला दिवसभर राग येत राहिला.

ती वाटी करायला आपल्याला किती त्रास झाला ते लोकांना सांगून पटणार नाही. तुम्ही लेथवर लोखंडाचा जोडसाचा काढलात, नर आणि मादी. भिंगारहून कमावलेलं कातडं आणायचं, पाण्यात भिजवायचं, साच्यात घालून स्क्रूप्रेसखाली दाबून ठेवायचं, मग सावलीत वाळवायचं आणि एरंडेलात मुरवायचं. शेडमध्ये जागा नाही म्हणून तुम्ही वाट्या अक्काच्या गच्चीवर, कठड्याच्या सावलीला नेल्यात. ऊन कडक म्हणून ती थंडीतच कुरडया घालत होती. एका बाजूला पांढऱ्या कुरडया, एका बाजूला तपकिरी वाट्या, आणि मध्ये अक्का हातात काठी घेऊन, कावळे हाकायचे की नवऱ्याला ते तिला ठरवता येईना. त्या दिवशी मी पोट धरून हसलो. तुम्हीसुद्धा हसलात. आत्ता लिहिताना परत हसू आलं, आणि मग रडू आलं. ते तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो.

माल चांगला झाला. लवकर झिजेना, फाटेना. माझं म्हणणं, आता हा मोठ्या ठिकाणी विकायचा. तुम्ही म्हणालात, आधी एका गावात बसवून बघू. तुमच्या या 'आधी बघू'पायी आपण कर्जतची एसटी धरली आणि उतरून पुढं चालत टाकळीला गेलो. थंडीचे दिवस असून ऊन असं, की डोक्यावरचा टॉवेल काढवत नव्हता.

पंप बंद पडून पुष्कळ दिवस झाले होते. बायका लांबच्या विहिरीवर जात होत्या. तुम्ही सामान काढलंत, तर एक म्हातारबुवा काठी टेकत पुढं आले आणि त्यांनी वाटी बघितली. "चामड्याचं हाय व्हय हे? पिन्याच्या पान्यात चामडं?" लोक मागं सरकले. मला वाटलं, आता गाशा गुंडाळायचा. तेवढ्यात हंडा खाली ठेवून एक बाई म्हणाली, "आबा, मोटंचं पानी पिऊनच म्हातारं झालात की. मोट काय सोन्याची हुती? चामड्याचीच की." सगळे हसले, आबाही हसले, आणि काम सुरू झालं. ती गुणाबाई. तुम्ही तिला पहिल्यापासून ओळखलंत. "ही बाई कामाची हाय," तुम्ही मला हळूच म्हणालात.

चौघांनी मिळून सळ्या वर ओढल्या, तुम्ही वाटी बसवलीत, आणि पाणी आलं. बायका हंडे घेऊन धावल्या. मला उगीचच गर्व वाटला, जणू पाणी मीच आणलं होतं. मग मी पैशाचं विचारलं, आणि तिथंच आपल्या सगळ्या शहाणपणाची माती झाली. गावातले पुढारी म्हणाले, "पंप सरकारचा हाय. सरकारकडनं घ्या." आपण तालुक्याला गेलो. तिथले साहेब म्हणाले, दुरुस्ती मंजूर मालानंच होते, तुमचा माल मंजूर नाही. मंजूर माल कधी येईल? ते म्हणाले, मागणी गेलेली आहे. आपण बाहेर आलो तेव्हा तुमच्या हातात ती नमुन्याची वाटी तशीच होती.

पुढची दहा गावं अशीच गेली. श्रीगोंद्याच्या बाजूला गेलो, पाथर्डीच्या बाजूला गेलो. प्रत्येक ठिकाणी पंप बंद, प्रत्येक ठिकाणी लोक हात जोडून वाट बघत, आणि प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर. दाजी, लहान कारखानदारानं करावं काय ते तुम्हीच सांगा. लोक आम्हाला सांगतात, गरज ओळखा, गरजेचा माल करा. आम्ही गरज ओळखली. जिल्ह्यात एवढी मोठी गरज दुसरी नव्हती. सगळ्यांना वाटी हवी होती आणि विकत घेणारं कोणी नव्हतं. गावाला वाटायचं पंप सरकारचा, सरकारला वाटायचं पाणी गावाचं, आणि मधल्या मधे आपण एरंडेलाचा वास मारत उभे.

परतीच्या एसटीत मी तुमच्यावर ओरडलो. सगळी गाडी बघत होती. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "गावाला पंप आपला वाटंना अजून. वाटंल." मी विचारलं, कधी? "आनखी एकदा बंद पडला म्हंजी." एवढं बोलून तुम्ही डोळे मिटलेत. मला तुम्हाला धरून हलवावंसं वाटलं.

आणि खरंच, रात्रंदिवस उपसून टाकळीचा पंप परत बंद पडला. निरोप आला, या. मला वाटलं, तुम्ही पिशवी घेऊन पळाल. तुम्ही गेलात, पण या खेपेला वाटी स्वतः बसवली नाहीत. गुणाबाईला समोर बसवलंत, तिच्या हातात पाना दिलात, आणि सळ्या कशा खोलायच्या, वाटी कोणत्या तोंडानं बसते, किती आवळायचं, सगळं तिच्याकडून करून घेतलंत. तिची जाऊ आणि शेजारणी सळ्या धरून उभ्या. गावातले बाप्ये हसत होते. पाणी आल्यावर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ही शेवटची फुकट. पुढच्या टायमाला माझ्याकडं हात पसरू नका. गावानं वर्गणी काढा आन् इकत न्या. पंप तुमचा हाय." लोकांची तोंडं उतरली. गुणाबाईसुद्धा रागानं बघत होती. मी तुम्हाला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, कशाला दुखावता, गोड बोलून बघू. तुम्ही म्हणालात, "गोड बोलून गिऱ्हाईक हुत न्हाई, वसंता. भिकारी हुतो."

परत आलो तर पुण्याच्या मोठ्या इंजिन कंपनीचा माणूस आपली वाट बघत बसला होता.

तुमच्या-माझ्यातलं खरं भांडण इथून सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. त्या माणसाचं म्हणणं सरळ होतं. लोखंडाच्या सळ्या कंपनी देणार, आपण लेथवर बोल्ट काढायचे, माल कंपनी उचलणार. कोट्यासाठी हेलपाटे नाहीत, गिऱ्हाईक शोधणं नाही. एकच अट, आपल्या लेथवर दुसरं काहीही करायचं नाही. ना कुट्टी, ना वाटी.

मला तो देव भेटल्यासारखा वाटला. आजही वाटतो, खोटं कशाला सांगू? दिवस बदललेत, दाजी. मोठ्या कारखान्यांच्या सावलीला धरून लहान कारखाने उभे राहतायत. पुण्याकडं प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी मोठ्या कंपनीसाठी काहीतरी घडवतोय आणि सुखानं झोपतोय. आपण काय करतोय? वीजकपातीत अर्धा दिवस हात चोळतोय, आणि जे कोणी विकत घेत नाही ते घडवतोय. मी हे सगळं तुम्हाला सांगितलं. एकदा नाही, रोज सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "बोल्ट काढायला लाज न्हाई. पन सकाळी उठून काय करायचं ते पुन्यात ठरनार. आपल्याला भंगार बघायला जायाची गरजच उरनार न्हाई." मी म्हणायचो, मग नका जाऊ भंगार बघायला! घरी बसा, पेपर वाचा! तुम्ही म्हणायचात, "कंपनीनं उद्या बोल्ट दुसरीकडं दिला, तर आपल्याला काय येतंय? बोल्ट." मी म्हणायचो, आणि आज काय येतंय? वाट्या! या शब्दावर आपण दोघं इतके पेटायचो की अक्का चुलीवरचं सोडून बाहेर यायची.

खरं सांगू, तुमचं म्हणणं मला कळत होतं. पण कळूनही त्यानं पोट भरत नव्हतं. शेडमध्ये काम करणारी माणसं तुमच्यासमोर बोलायची नाहीत, माझ्यासमोर बोलायची. त्यांच्या घरी काय चाललंय ते मला माहीत होतं, आणि तुम्हालाही माहीत असणार. तरी तुम्ही पुण्याच्या माणसाला ना हो म्हटलंत ना नाही.

त्या दिवशी सकाळीही हेच भांडण झालं. मी म्हटलं, आज त्याला काहीतरी सांगायलाच हवं. तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी ठरवू." दुपारी वीज गेली, म्हणून तुम्ही आतल्या खोलीत जाऊन पडलात. वीज आली, लेथ सुरू झाला, आणि तुम्ही उठला नाहीत. अक्कानं हाक मारली तेव्हा मी शेडमध्ये होतो. मला वाटलं, चहाला बोलावतेय.

मी रागात आहे ते यासाठी. माणूस भांडण अर्धवट टाकून कसा जातो? तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी आणखी वर्षभर भांडलो असतो. हो म्हणाला असतात तर मी तुमची थट्टा केली असती. काहीही न सांगता तुम्ही सगळं माझ्या अंगावर टाकून गेलात, आणि लोक मला येऊन सांगतात, सुटले बिचारे, हाल झाले नाहीत.

पुण्याचा माणूस भेटायला आला. चांगला माणूस आहे, आधी अक्कापुढं जाऊन बसला. निघताना दारात हळूच म्हणाला, "आपलं ते ठरवायचं राहिलं होतं." मी तिथंच हो म्हणून टाकलं. तेराव्यानंतर सळ्यांचा ट्रक पाठवतो, असं तो म्हणाला. त्या दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी, दुपारची वेळ, मी पडवीत बसलो होतो. फाटक वाजलं. गुणाबाई आणि टाकळीचे दोघे गडी. मला वाटलं, बातमी लागली वाटतं, भेटायला आले. गुणाबाईनं पदराखालून झिजलेली वाटी काढली आणि म्हणाली, "मास्तर कुठं हायेत? पंप बंद पडलाय. म्या खोलून बघितला, वाटीच गेलीय." तिला काहीच माहीत नव्हतं. माझं डोकं असं फिरलं! मी म्हटलं, मास्तर गेले. आता कुठली वाटी? ती भिंतीला टेकून खाली बसली, हातातली वाटी तशीच धरून.

तुमचे धाकटे भाऊ तात्या आतून आले. शेडला कुलूप त्यांनीच घातलं होतं, किल्ली जानव्यासारखी त्यांच्या गळ्यात. त्यांनी समजावून सांगितलं, घरात सुतक आहे, तेरावा होईपर्यंत शेडचं दार उघडायचं नाही, अवजाराला हात लावायचा नाही, देवाणघेवाण तर मुळीच नाही, चार दिवसांनी या. रिवाजच आहे, तात्यांचं काही चुकलं नव्हतं. टाकळीचे गडीसुद्धा लगेच उठले. "व्हय, बरोबर हाय. आमाला ठावं नव्हतं."

आणि आतून अक्का बाहेर आली. तुम्ही गेल्यापासून ती त्या कोपऱ्यातून हलली नव्हती. चार माणसांसमोर अशा अवस्थेत बाहेर यायचं नसतं, तेही ती विसरली. तिनं तात्यांपुढं हात केला. "भाऊजी, किल्ली द्या." तात्या म्हणाले, "वहिनी, सुतक हाय." अक्का म्हणाली, "मला ठावं हाय. माझंच कुंकू गेलंय. गावाला चार दिवस तहान धरून बसा म्हनू व्हय? द्या." तिचा आवाज चढला नाही. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं बघितलं, आणि त्यांनी किल्ली काढून दिली.

डब्यात तयार वाट्या होत्या, तुम्ही मुरत ठेवलेल्या. अक्कानं स्वतः काढून दिल्या. एक लावायला, एक जास्तीची. गुणाबाईनं वाटी अंगठ्यानं दाबून बघितली आणि मग कमरेचा बटवा सोडला. "वर्गणी हाय गावाची," ती म्हणाली. "घरटी काढली. आबांनी बी दिली." मी म्हटलं, राहू द्या, या वेळी नको. तिनं मान हलवली. "तसं न्हाई. मास्तर त्या दिशी बोलले, आमाला लई राग आल्ता. मी घरी जाऊन शिव्या घातल्या त्यांना. मंग पंप बंद पडला, तवा मीच गावाला म्हनलं, आता फुकट मागायला जायाचं न्हाई." ती अक्काकडं वळली. "बाई, त्यांना सांगायचं हुतं मला." अक्कानं ते पैसे घेतले, दोन्ही हातांनी, आणि पदराला बांधले. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. तात्या तोंड फिरवून उभे राहिले.

दाजी, इतकी गावं फिरलो, इतक्या शिव्या तुम्हाला घातल्या, आणि पैसे मोजून माल नेणारं पहिलं गाव आलं ते तुम्ही नसताना. दहा-बारा दिवस आधी आले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं! मी तिथं उभा राहून त्यांच्यावर चिडलो, तुमच्यावर चिडलो, त्या पंपावर चिडलो. तुम्ही बरोबर होतात, यावर तर सगळ्यात जास्त चिडलो.

जाताना फाटकापाशी गुणाबाई थांबली. "शेजारच्या दोन गावचे बी इचारत्यात. त्यांचे बी पंप बंद हायेत. आता वाट्या कोन करनार?" टाकळीचे गडी माझ्याकडं बघत होते, तात्या बघत होते. अक्का मात्र माझ्याकडं बघत नव्हती. तिला पुण्याच्या माणसाला दिलेला शब्द माहीत होता. मी काय म्हणतो ते ऐकायला ती पाठ करून उभी होती.

मी म्हटलं, "इथंच या. मी करतो."

त्यानंतर तेरावा झाला, आणि आज दिवसभर मी या बोलण्याचा हिशेब लावतोय. तो लागत नाही. तीन गावांच्या वाट्यांवर एका माणसाचंसुद्धा घर चालणार नाही. शेडमधल्या माणसांना मी काय सांगू? पाऊस कधी पडेल, कुट्टी कधी खपेल, काही माहीत नाही. सगळी अक्कल सांगते की बोल्ट काढ. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "तू मालक हायस, तुझं तू बघ." तुमच्याकडून शिकली.

सळ्यांचा ट्रक उद्या सकाळी येणार आहे, त्याच्याबरोबर तो माणूसही. लेथ अर्धा दिवस तुमचा, अर्धा दिवस आमचा, असं मी त्याला विचारून बघेन, पण तो ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे. मग मी त्याला नाही म्हणणार आहे. दाजी, मला फार भीती वाटतेय.